गोपनीय कागदांची बातमी हातात आली की आधी आरोपपत्र उघडा

मार-ए-लागोचा खटला, म्हणजे ट्रम्प यांनी अध्यक्षपद सोडताना गोपनीय सरकारी कागद फ्लोरिडातल्या आपल्या घरी नेऊन ठेवल्याचा, तर केव्हाच निकालात निघाला, मग तो आता कशाला वाचायचा? परदेश डेस्कवर नवीन आलेली मुलं हे हमखास विचारतात. वाचायचा, कारण तो घोळ फिरून फिरून तुमच्याच पाळीला येणार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प यांचे एकेकाळचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांच्यावर आरोपपत्र आलं, तेही ट्रम्प यांच्यावर लावलेल्याच कायद्याखाली.

घटनाक्रम तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. जानेवारी २०२२ मध्ये १५ खोकी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे परत गेली, मे महिन्यात उरलेल्या कागदांसाठी ग्रँड ज्युरीचं, म्हणजे आरोप लावायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, समन्स निघालं, ८ ऑगस्टला एफबीआयने झडती घेतली आणि गोपनीयतेचे शिक्के असलेले आणखी शंभरावर कागद सापडले. बाथरूममध्ये झुंबराखाली रचलेल्या खोक्यांचा फोटो तर सगळ्यांनीच पाहिलाय.

खरी मेख पुढे आहे. त्यावर मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण मी स्वतः तिथेच बरेच महिने अडकले होते. झडतीनंतर सगळा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत होता: पदावर असताना ट्रम्प यांनी त्या कागदांची गोपनीयता उठवली होती की नव्हती? सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी फॉक्स न्यूजवर सांगितलं की अध्यक्षाने नुसतं मनात आणलं तरी गोपनीयता उठू शकते. झालं! समर्थक म्हणणार, अध्यक्षाचा अधिकारच आहे. विरोधक म्हणणार, प्रक्रिया कुठे पाळली? आणि आपण दोघांची वाक्यं एकाखाली एक लावून समतोल साधला म्हणून खूश.

पण मुख्य आरोप ज्या कलमाखाली लागले, त्याला गोपनीयतेचा शिक्का लागतच नाही. हेरगिरीविरोधी कायदा १९१७ चा. अतिगोपनीय, गोपनीय वगैरे आजची उतरंड त्यानंतर अध्यक्षांच्या आदेशांनी आली. कलम ७९३ चं ई हे पोटकलम वेगळंच विचारतं. कागद राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित आहे का? तो जवळ ठेवायचा अधिकार तुम्हाला होता का? ज्या अधिकाऱ्याकडे तो जायला हवा, त्याला न देता जाणूनबुजून ठेवून घेतलात का? बस. आपल्याकडच्या १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टमध्ये तरी गुपित कशाला म्हणायचं याची व्याख्या कुठे आहे!

पटत नसेल तर जून २०२३ चं ४९ पानी आरोपपत्र काढा. ट्रम्प यांच्यावर ३७ आरोप, त्यातले पहिले ३१ कागद ठेवून घेतल्याचे. एक कागद म्हणजे एक आरोप. सगळे एका तक्त्यात मांडलेत: कालावधी, शिक्का, वर्णन. बोट ठेवून खाली या. २१ कागद अतिगोपनीय, ९ गोपनीय, आणि अकराव्या ओळीत शिक्क्याच्या रकान्यात लिहिलंय, शिक्का नाही. अमेरिकेच्या संभाव्य लष्करी योजनांबद्दलचा, तारीख नसलेला कागद. शिक्काच नाही तर उठवणार काय? तरी त्यावर आरोप लागला. ही एक ओळ वाचली की टीव्हीवरचं चार खिडक्यांचं भांडण कशावर चाललं होतं असा प्रश्न पडतो.

आता लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. शिक्का बिनकामाचा नसतो. सरकारने माहिती जपून ठेवली होती हे दाखवायला त्याचा उपयोग होतो, आणि कागद खरोखरच खुला केला असेल तर बचावाला बोलायला जागा मिळते. म्हणूनच जुलै २०२१ चं, बेडमिन्स्टर इथल्या ट्रम्प यांच्या गोल्फ क्लबमधलं ध्वनिमुद्रण आरोपपत्रात आलंय. अध्यक्ष असताना आपण हे खुलं करू शकलो असतो, आता नाही, हे अजून गुपितच आहे, अशा अर्थाचं ट्रम्प त्यात बोलतात.

घाबरू नका, यासाठी वकिलीची पदवी लागत नाही. आरोपपत्राची इंग्रजी एजन्सीच्या कॉपीपेक्षा सोपी असते; तारखेवार गोष्टच सांगितलेली असते. ज्येष्ठ म्हणतील, एजन्सीची कॉपी उचल, दोन परिच्छेद काप, पान सोड. माणसं वाईट नसतात, त्यांना आवृत्तीची वेळ गाठायची असते. पण ही सवय त्यांच्याकडून घेऊ नका. मशीनकडून सारांश काढून घ्यायची तर मुळीच नको. अकरावी ओळ त्यात सगळ्यात आधी गळते.

मथळ्यात दोन शब्द जपून वापरा. पहिला, निर्दोष. १५ जुलै २०२४ रोजी न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी खटला रद्द केला तो विशेष वकील जॅक स्मिथ यांची नेमणूकच घटनाबाह्य ठरवून; कागदांबद्दल काहीच ठरलं नाही. नोव्हेंबरात ट्रम्प निवडून आले, आणि पदावरच्या अध्यक्षावर खटला चालवायचा नाही या न्याय खात्याच्या धोरणामुळे या निकालाविरुद्ध सरकारने केलेलं अपीलही त्यांच्यापुरतं मागे घेतलं गेलं.

दुसरा, आपला लाडका क्लीन चिट. बायडेन यांच्याकडेही गोपनीय कागद सापडले होते; त्या तपासाचे विशेष वकील रॉबर्ट हर यांनी फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात आरोप लावायला नकार दिला, पण कागद जाणूनबुजून ठेवल्याचा पुरावा मिळाला, तो शिक्षेइतका पुरेसा नाही, असंही लिहिलं. ट्रम्प यांच्याशी तुलनाही त्याच अहवालात आहे: बायडेन यांनी कागद परत केले, तपासाला सहकार्य केलं, ट्रम्प यांच्यावर तपासात अडथळे आणल्याचा आरोप आहे. 'सगळे सारखेच' म्हणणाऱ्यांना ते पान दाखवा. माजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या घरी सापडलेल्या कागदांचं प्रकरण मात्र दोन ओळींत उरकलं तरी चालेल.

बोल्टन यांच्या आरोपपत्रात १८ आरोप आहेत, ८ माहिती पाठवल्याचे आणि १० ठेवून घेतल्याचे. त्यांनी ते नाकारलेत. त्यात रोजनिशीसारखी हजारावर पानं दोन नातेवाइकांना पाठवल्याचं म्हटलंय. स्वतःच लिहिलेल्या पानांवर सरकारी शिक्का कुठून येणार? पुढच्या सुनावणीच्या रात्री कुणी ना कुणी हे विचारेलच. तेव्हा उत्तर कलम ७९३ मध्ये शोधा.