भूगोल बीए की बीएस्सी? प्रवेशाआधी या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या धुळ्याच्या घराच्या ओट्यावर पालकांची ये-जा सुरू होते. पंचवीस वर्षं भूगोल शिकवला, आता नकाशांची लहानसहान कामं घेतो, त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येतो: सर, भूगोल बीएला घ्यायचा की बीएस्सीला? मागच्या जूनमध्ये एका काकांनी उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. ‘भूगोल तो भूगोलच, काय फरक पडस भो?’

पडतो. पण लोक शोधतात तिथे नाही.

पहिली चूक अक्षरांवर भाळण्याची. बीएस्सी म्हणजे पोरगं हुशार आणि बीए म्हणजे दुसरीकडे नंबर लागला नाही, हे खूळ काही जात नाही. ऑक्सफर्डला तीन वर्षं फिजिक्स शिकलेल्याला बीएच मिळते. आपल्याकडे प्राध्यापकीसाठी द्यावी लागणारी नेट परीक्षा घ्या, भूगोलाचा पेपर एमएवाल्याला आणि एमएस्सीवाल्याला एकच असतो. कितीतरी ठिकाणी दोघं एकाच वर्गात, एकाच बाकावर शिकतात.

खरी चूक पुढे आहे, आणि ती अकरावीतच होते. गुणपत्रिकेवर भूगोलाच्या शेजारी कोणते विषय आहेत, हे कोणी बघतच नाही.

शिरपूरकडचा एक मुलगा होता. अनेरच्या काठी वाढलेला, सातपुड्यातली झाडं पावरा आदिवासींच्या बोलीतल्या नावांनी ओळखणारा. बारावी कला, मग बीए भूगोल, पहिला वर्ग. भारतीय वनसेवेत जायचं ठरवलं आणि दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला. पूर्वपरीक्षा नागरी सेवेचीच असते, त्यामुळे मध्ये कुठे शंकाही आली नाही. अर्ज भरायला बसला त्या रात्री साडेदहाला फोन. ‘सर, यादीत भूगोलच नाही.’

नाहीच. तिथे पदवीला पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूशास्त्र (म्हणजे खडक-खनिजांचं शास्त्र, भूगोल नव्हे), गणित, भौतिक, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एक तरी विषय लागतो, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा इंजिनीअरिंगची पदवी. आता गंमत बघा. भूगोलाबरोबर भूशास्त्र घेतलेला बीएस्सीवाला चालतो, आणि बीएला संख्याशास्त्र घेतलेलाही चालतो. पुण्यात काही कॉलेजांत तसं घेता येतं. म्हणजे अडवलं ते विषयाने, बीएने नव्हे. पण बारावीला विज्ञान नसेल तर बीएस्सीचं दार बहुतेक ठिकाणी बंद. उलट विज्ञानवाला बीएला केव्हाही येऊ शकतो. सोळाव्या वर्षी मित्र जिकडे गेले तिकडे गेलं की असं होतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी पुढे काय करायचंय ते विचारतो, त्या परीक्षेची जाहिरात उघडायला लावतो आणि पात्रतेचं वाक्य हाताने कागदावर उतरवून घेतो. मोबाइलवर वाचलेलं डोक्यात राहत नाही. पोरं कंटाळतात. कंटाळू द्या.

विज्ञान विषयांसाठीच्या सीएसआयआर नेटला भूगोल नाही. तो यूजीसी नेटला आहे.

भूगोल शिकून केंद्राच्या परीक्षेतून भूवैज्ञानिक होता येत नाही. तिथे भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते.

‘बीएला आकडेमोड नसते’ असं समजून येणाऱ्यांनी येऊच नये. प्रमाण विचलन आणि सहसंबंध प्रात्यक्षिकाच्या वहीत वाट बघत असतात.

शेवटची चूक माझ्या खास रागाची. पदवी कोणतीही असो, पंचेचाळीस दिवसांचा जीआयएसचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचा, कोर्स करायचा आणि सर्टिफिकेट घेऊन यायचं. असाच एक बीएस्सी झालेला मुलगा कामाला घेतला होता. रावेरकडच्या काही गावांतलं केळीचं क्षेत्र काढायचं होतं. अर्ध्या तासात उत्तर हजर: ०.००२ हेक्टर. म्हणजे वीस चौरस मीटर! आमचा ओटा त्याहून मोठा आहे. साहेबांनी अक्षांश-रेखांशातल्या फायलीवरच क्षेत्रफळ काढलं होतं, आलेला आकडा चौरस अंशांत होता, आणि पुढे हेक्टर शब्द यांनी आपल्या मनाने जोडला. आपल्याकडे एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि एक अंश रेखांश सुमारे १०४, म्हणजे एक चौरस अंश जवळपास साडेअकरा हजार चौरस किलोमीटर. आधी फाइल यूटीएम या अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये न्यायची, अख्खा खान्देश त्यातच बसतो, आणि मग मोजायचं. खरं क्षेत्र निघालं जवळपास २३०० हेक्टर, म्हणजे २३ चौरस किलोमीटर.

चूक पकडली ती साक्रीच्या एका बीएवालीने, तीही कॉम्प्युटरला हात न लावता. १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या छापील नकाशावर, दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, हे तिच्या बोटांत बसलेलं होतं. ट्रेसिंग पेपरवर हद्द काढली, खाली आलेख कागद धरला, चौकोन मोजले आणि म्हणाली, ‘सर, वीसेक चौरस किलोमीटर तरी भरतंय.’

तेव्हापासून नव्या मुलाला पहिल्या दिवशी मी आलेख कागद आणि पेन्सिल देतो. निम्मे तोंड वाकडं करतात. त्यातले काही दुसऱ्या आठवड्यात येतच नाहीत, आणि मीही फोन करत नाही.