एस्पेरांतोचे व्याकरण शिकायला सुरुवात कशी करावी

एस्पेरांतो ही मुद्दाम रचलेली भाषा आहे. नेत्रवैद्य असलेल्या ल. ल. झामेनहोफ यांनी तिची ओळख करून देणारे पहिले पुस्तक 1887 साली वॉर्सा येथे ‘डॉक्टर एस्पेरांतो’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले आणि पुढे तेच नाव भाषेला चिकटले. या नावातच व्याकरणाचा पहिला धडा आहे. ‘एस्पेर’ म्हणजे आशा बाळगणे, ‘आंत’ हा ती क्रिया चालू असल्याचे दाखवणारा प्रत्यय आणि शेवटचा ‘ओ’ ही नामाची खूण. तिन्ही जोडले की ‘आशा बाळगणारा’ असा अर्थ मिळतो. शब्द असा उकलता येणे, हेच या भाषेच्या व्याकरणाचे मर्म आहे.

हे सगळे व्याकरण 16 नियमांत बसते, असे नेहमी सांगितले जाते आणि ते नियम पाठ करायला नवशिका उत्साहाने बसतो. माझा सल्ला वेगळा आहे. विभक्ती, कर्म, कृदन्त या गोष्टी वाचकाला आधीपासून ठाऊक आहेत असे गृहीत धरून ते नियम लिहिलेले आहेत, त्यामुळे ते मुखोद्गत झाले तरी वाक्य तयार होत नाही. त्याऐवजी पुढच्या क्रमाने जावे आणि मराठी व्याकरणाची जाण बरोबर ठेवावी, कारण ती काही ठिकाणी मोठी मदत करते आणि एकदोन ठिकाणी हमखास चकवते.

पहिली पायरी : उच्चार

वर्णमालेत 28 अक्षरे आहेत आणि प्रत्येक अक्षराचा एकच उच्चार आहे, त्यामुळे मराठी माणसाला ही पायरी सोपी जाते. ‘चमचा’मधला च आणि ‘चंद्र’मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो, एस्पेरांतोत त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, एवढे लक्षात ठेवावे. आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर येतो. कुटुंब या अर्थाचा ‘फामिलीओ’ हा शब्द म्हणताना जोर ‘ली’वर द्यावा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावली तर पुढे वेगळे कष्ट पडत नाहीत.

दुसरी पायरी : शब्दाचा शेवट पाहणे

कोणताही शब्द समोर आला की त्याचा अर्थ शोधण्याआधी शेवट पाहावा. ‘ओ’ असेल तर नाम, ‘आ’ असेल तर विशेषण, ‘ए’ असेल तर क्रियाविशेषण आणि ‘इ’ असेल तर क्रियापदाचे मूळ रूप. ‘पारोल’ हे बोलण्याचे मूळ घेतले, तर ‘पारोलो’ म्हणजे बोलणे हे नाम, ‘पारोला’ म्हणजे तोंडी, ‘पारोले’ म्हणजे तोंडी रीतीने आणि ‘पारोली’ म्हणजे बोलण्याची क्रिया. अनेकवचनासाठी ‘य’ जोडावा : ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक, ‘लिब्रोय’ म्हणजे पुस्तके. निर्जीव वस्तूंना येथे व्याकरणिक लिंग नाही, म्हणून तो ग्रंथ, ती वही, ते पुस्तक असा भेद लक्षात ठेवावा लागत नाही. मात्र विशेषण नामाच्या वचनाप्रमाणे बदलतेच : ‘नोवा लिब्रो’, ‘नोवाय लिब्रोय’. मराठीत ‘सुंदर’सारखी न बदलणारी विशेषणे असतात, तशी सवलत येथे मिळत नाही.

तिसरी पायरी : क्रियापद

काळ आणि अर्थ दाखवणारे प्रत्यय मोजकेच आहेत. वाचण्याचे मूळ ‘लेग’ असून ‘लेगास’ म्हणजे वाचतो, ‘लेगिस’ म्हणजे वाचले, ‘लेगोस’ म्हणजे वाचेल, ‘लेगुस’ म्हणजे वाचले असते आणि ‘लेगू’ म्हणजे वाच किंवा वाचावे. कर्ता बदलला तरी रूप बदलत नाही. ‘मी’ हे सर्वनाम तर मराठीसारखेच आहे. ‘वी’ या एकाच सर्वनामात तू, तुम्ही आणि आपण हे तिन्ही येतात. ‘ली’ म्हणजे तो, ‘शी’ म्हणजे ती, ‘इली’ म्हणजे ते सगळे. या सर्वांपुढे ‘लेगास’ तसेच राहते.

मराठी भाषकाने सर्वांत जास्त सावध राहावे ते भूतकाळात. ‘तो पुस्तक वाचतो’ असे म्हणणारे आपण भूतकाळात ‘त्याने पुस्तक वाचले’, ‘त्याने कविता वाचली’ असे म्हणतो. कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. एस्पेरांतोत असा कर्मणी प्रयोग आपोआप होत नाही. ‘ली लेगास लिब्रोन’ आणि ‘ली लेगिस लिब्रोन’ यांत फक्त ‘आस’चा ‘इस’ झाला. कर्ता जसाच्या तसा आणि कर्मही जसेच्या तसे. भूतकाळातली दहा मराठी वाक्ये घेऊन आधी ती मनातल्या मनात वर्तमानकाळात आणावीत, मग एस्पेरांतोत मांडावीत आणि शेवटी काळाचा प्रत्यय बदलावा. हा सराव काही दिवस केला की ‘ने’ शोधण्याची ओढ सुटते.

चौथी पायरी : कर्माचा ‘न’

वरच्या वाक्यांत ‘लिब्रो’चे ‘लिब्रोन’ झाले, तो ‘न’ म्हणजे द्वितीयेची खूण. नवशिके सर्वांत जास्त अडखळतात ते येथेच, म्हणून या पायरीला भरपूर वेळ द्यावा. या ‘न’मुळे शब्दक्रम मोकळा होतो. ‘ला हुंदो मोर्दास ला कातोन’ (यातला ‘ला’ हे इंग्रजी ‘the’सारखे नामाआधी येणारे उपपद आहे, मराठीतला प्रत्यय नव्हे) म्हणा किंवा ‘ला कातोन मोर्दास ला हुंदो’ म्हणा, चावणारा कुत्राच राहतो आणि चावा मांजरालाच बसतो. शब्द मागेपुढे करण्याची सवय मराठीत आपल्याला आहेच.

घोटाळा होतो तो ‘ला’ या मराठी प्रत्ययामुळे. आपण ‘मुलाला पाहतो’ म्हणतो, पण ‘पुस्तक वाचतो’ म्हणतो. म्हणजे निर्जीव कर्म बहुधा प्रत्ययाशिवाय येते. एस्पेरांतोत सजीव असो वा निर्जीव, प्रत्यक्ष कर्माला ‘न’ लागलाच पाहिजे. उलट ‘मी मुलाला पुस्तक देतो’ या वाक्यात ‘ला’ मुलाला लागला असला, तरी ‘न’ पुस्तकाला लागतो आणि मुलाआधी ‘आल’ हे अव्यय येते : ‘मी दोनास लिब्रोन आल ला क्नाबो’. म्हणून मराठीतला ‘ला’ पाहून ‘न’ लावू नये. क्रिया थेट कोणावर घडते ते पाहावे. विशेषणही कर्माबरोबर जाते, त्यामुळे ‘नवी पुस्तके’ कर्म असतील तर ‘नोवायन लिब्रोयन’ असे रूप होते.

‘मला पुस्तक आवडते’ हे वाक्य जवळून पाहण्यासारखे आहे. ‘शाती’ हे क्रियापद वापरले तर आवडून घेणारा कर्ता होतो : ‘मी शातास ला लिब्रोन’. ‘प्लाची’ वापरले तर रचना थेट मराठीच्या वळणावर जाते : ‘ला लिब्रो प्लाचास आल मी’. येथे पुस्तक कर्ता आहे, म्हणून त्याला ‘न’ नाही. दोन्ही वाक्ये शेजारी लिहून ठेवावीत. कर्ता आणि कर्म यांची ओळख त्यातून पक्की होते.

‘एस्ती’, म्हणजे असणे, या क्रियापदानंतर ‘न’ येत नाही. अव्ययांनंतरही तो एरवी येत नाही, पण हालचालीची दिशा दाखवायची असेल तर येतो : ‘एन ला जार्देनो’ म्हणजे बागेत, ‘एन ला जार्देनोन’ म्हणजे बाहेरून बागेच्या आत. ही अव्यये नामाच्या आधी येतात, आपल्या शब्दयोगी अव्ययांसारखी मागून नव्हे.

पाचवी पायरी : शब्द घडवणे

येथे शिकणाऱ्याला खरा आनंद मिळतो. ‘साना’ म्हणजे निरोगी. उलट अर्थाचा ‘माल’ पुढे लावला की ‘मालसाना’ म्हणजे आजारी; व्यक्तीचा ‘उल’ जोडला की ‘मालसानुलो’ म्हणजे रुग्ण; जागेचा ‘एय’ जोडला की ‘मालसानुलेयो’ म्हणजे रुग्णालय. साधन दाखवणारा ‘इल’, व्यवसाय दाखवणारा ‘इस्त’, स्त्रीलिंगी ‘इन’, लहानपणाचा ‘एत’ आणि मोठेपणाचा ‘एग’ एवढे प्रत्यय आधी घ्यावेत. शब्दांच्या लांब याद्या पाठ करण्यापेक्षा, माहीत असलेल्या एकेका मुळाला हे प्रत्यय लावून पाहणे कितीतरी फायद्याचे आहे.

सहावी पायरी : प्रश्न आणि जोडीचे शब्द

हो-नाही प्रश्नासाठी आपला ‘का’ वाक्याच्या शेवटी येतो. एस्पेरांतोतला ‘चू’ आरंभी येतो : ‘चू वी लेगास?’ प्रश्नवाचक आणि दर्शक शब्दांचे 45 शब्दांचे एक कोष्टक आहे, पण ते एका बैठकीत पाठ करू नये. ‘कीआम’ केव्हा, ‘तीआम’ तेव्हा. ‘कीएल’ कसे, ‘तीएल’ तसे. ‘कीओम’ किती, ‘तीओम’ तितके : मराठीतल्या क आणि त यांची जोडी येथे अनायासे जुळते, म्हणून तिथूनच सुरुवात करावी. आपल्या ‘जो’, ‘जेव्हा’ यांच्यासाठी मात्र वेगळा गट नाही. तिथेही ‘की’ने सुरू होणारेच शब्द वापरतात.

सरावासाठी रोज एकच मूळ घ्यावे, त्याची नाम, विशेषण, क्रियाविशेषण आणि क्रियापद अशी रूपे वहीत लिहावीत आणि त्यावर पाच लहान वाक्ये करावीत. वाक्य झाले की क्रियापदाखाली रेघ ओढावी, कर्ता कोण आणि प्रत्यक्ष कर्म कोणते ते ठरवावे, आणि कर्माच्या प्रत्येक शब्दाला, विशेषणासकट, ‘न’ लागला आहे की नाही ते तपासूनच पुढचे वाक्य लिहावे.