इंजिनिअरिंगसाठी विद्यापीठ निवडताना: आधी शेवटचं अक्षर वाचा

जूनमध्ये आमच्या ओट्यावर रोज एक तरी बाप येतो. हातात पोराचा सीईटीचा निकाल आणि प्रश्न ठरलेला: "जिभाऊ, जळगावचं विद्यापीठ बरं, लोणेरे बरं, का सरळ पुणे?" घरातल्या आणि भावकीतल्या नऊ-दहा पोरांचे फॉर्म मी भरून दिलेत. त्यातला पहिला चुकला होता, ते पुढे सांगतो.

नोंदणी, कागदपत्रं, पडताळणी तुम्ही कराल. नॉन-क्रिमीलेअर लागणार असेल तर निकालाची वाट न पाहता अर्ज टाका, एवढंच.

विद्यापीठाच्या नावावर फार डोकं लावू नका. खान्देशातली बरीच खासगी कॉलेजं आता लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. म्हणजे कॉलेज बांभोरीच्या रस्त्यावर आणि पदवी रायगड जिल्ह्यातून. त्यात वाईट काही नाही. खरा फरक स्वायत्त कॉलेजात पडतो. जळगावचं शासकीय किंवा शिरपूरचं आर. सी. पटेल यांसारख्या ठिकाणी अभ्यासक्रम, पेपर आणि तपासणी कॉलेजच्याच हातात असते. त्यामुळे कॉलेज चांगलं असेल तर स्वायत्तता चांगली, ढिलं असेल तर तीच गळ्याशी येते. दर्जा तपासून दिलेली दोन मानांकनं असतात: एनबीएचं शाखेला मिळतं, नॅकचं पूर्ण कॉलेजला. माहितीपत्रकावर 'ए प्लस' मोठ्ठं छापलेलं असलं तरी आपल्या शाखेला एनबीए आहे का, ते विचारा. एक दिवस काढून कॉलेजला जा. ऑफिसात बसू नका, चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची पोरं गाठा आणि निकाल किती दिवसांनी लागतो ते विचारा.

आता कटऑफ. इथेच मी आपटलो.

कटऑफच्या यादीत प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर जागेच्या प्रकाराचा एक कोड असतो: जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, जी-ओपन-एस. सगळे 'ओपन' एवढंच वाचतात आणि शेवटचं अक्षर सोडून देतात. 'एच' म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी, 'ओ' म्हणजे हद्दीबाहेरच्यांसाठी, 'एस' म्हणजे राज्यस्तरावर, तिथे हद्दीचा प्रश्नच नाही. हद्दीनुसार वाटणी असते तिथे 70 टक्के जागा आतल्यांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना. पुतण्याच्या वेळी मी पुण्याच्या आठ खासगी कॉलेजांचे 'एच'चे आकडे वहीत उतरवले, त्याचे पर्सेंटाइल बसतात म्हणून खूश झालो आणि तेवढीच आठ नावं भरली. पोरगा बारावी चाळीसगावचा, म्हणजे पुण्यासाठी 'ओ'. एकही जागा लागली नाही. शेवटी एका कॉलेजात संस्थास्तरावर, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर, प्रवेश घ्यावा लागला आणि भावाने त्या साली कापूस भाव न बघता विकला.

आणखी एक मेख. हद्द ठरते बारावी कुठून केली त्यावर, घर कुठे आहे त्यावर नाही. आपली पोरं अकरावी-बारावीला लातूर, नाशिकला जातात. नाशिकहून बारावी केलेला चोपड्याचा पोरगा पुणे विद्यापीठासाठी 'एच' होतो, लातूरवाला होत नाही. घरच्या पत्त्यावर जाऊन आकडे बघाल तर सगळी यादीच चुकेल.

मग पसंतीक्रम. "पहिलं नाव सेफ टाका" असं सांगणाऱ्या नेट कॅफेवाल्याच्या दुकानातून उठून या. 2025 च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की विषय संपला, पुढच्या फेरीत जाता येत नव्हतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंत्यांना हाच नियम, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. मावसभावाच्या पोरीने 'सेफ' म्हणून पहिलं टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत गळ्यात पडलं. मनातलं कॉलेज दुसऱ्या नंबरवर होतं आणि तिच्या पर्सेंटाइलला तेही लागलं असतं. नियम बदलू शकतात, म्हणून यंदाची माहितीपुस्तिका वाचा. पण मनातलं वर आणि सुरक्षित खाली हा क्रम बदलू नका. वरच्या न लागणाऱ्या नावाने खालच्याचं काही बिघडत नाही. 300 पर्याय भरता येतात, आठवर थांबायला कुणी सांगितलंय?

घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफीच्या जागांचे पसंतीत भरायचे कोड वेगळे भरा. त्यांच्या शेवटी 'टी' असतो. त्याच कॉलेजचा साधा कोड भरला म्हणून 'टी'वाला आपोआप येत नाही. आणि ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना त्याच उत्पन्नमर्यादेत 2024-25 पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या मुलीला ती मिळत नाही. एजंट हे सांगणार नाही.

यादी कागदावर काढा, पोराला वाचायला द्या, एक रात्र जाऊ द्या. सकाळी त्याच्याच हाताने कन्फर्म करा, प्रिंट काढा आणि प्रिंटवरचा प्रत्येक कोड कागदाशी ताडून बघा.