सरकारी नियमांवर हरकत घेताना या चुका टाळा

वाळवा, पलूस किंवा कराडच्या पट्ट्यात ऊसबिलाचा प्रश्न पेटला की 'नव्या नियमा'विरुद्ध आमदारांना निवेदन द्यायचे ठरते. निवेदन कळकळीने लिहिलेले असते, परंतु पुष्कळदा तो विषय ज्या सभागृहाकडे जातच नाही तेथे ते पोचते आणि तोवर हरकतीची मुदत संपलेली असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे हातातला कागद नेमका काय आहे हे न पाहणे. अधिनियमाने दिलेल्या अधिकारात केलेला व राजपत्रात प्रसिद्ध झालेला नियम किंवा आदेश कायद्याइतकाच बंधनकारक असतो. शासन निर्णय मात्र कार्यकारी सूचना असते, ती सहसा सभागृहाच्या पटलावर (म्हणजे अधिकृतपणे सदस्यांपुढे) येत नाही आणि कायद्याला छेदही देऊ शकत नाही. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ हा केंद्राने जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ च्या कलम ३ खाली काढलेला आदेश आहे. त्यानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज लागू होते. राज्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये शासन निर्णयाद्वारे एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) टप्प्याटप्प्याने देण्याची मुभा दिली. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. म्हणून कागदाच्या आरंभी कोणत्या अधिनियमाचे कोणते कलम उद्धृत केले आहे, हे आधी वाचावे.

त्याच कलमावरून सभागृहही कळते. केंद्राचा ऊस आदेश संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो, विधिमंडळापुढे नव्हे. तेथे पाठपुरावा खासदारांमार्फतच करावा लागतो. राज्याच्या अधिनियमाखालील नियम मात्र मुंबई किंवा नागपूरच्या अधिवेशनात पटलावर येतात.

पटलावर ठेवणे म्हणजे मंजुरी मिळणे, असेही अनेक जण धरून चालतात. बहुतेक अधिनियमांत नियम आधी अमलात येतो, मग अधिवेशन चालू असताना एकूण ३० दिवस सभागृहापुढे राहतो आणि दोन्ही सभागृहांचे एकमत झाले तरच बदलतो किंवा रद्द होतो. तोवर त्याखाली झालेली कार्यवाही वैध राहते. सभागृहाने नियम रद्द केला म्हणून भरलेले शुल्क आपोआप परत मिळत नाही. नियम पटलावर ठेवायचा राहून गेला, एवढ्यावरच तो निरर्थक ठरतो असेही नाही. अॅटलस सायकल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये जीवनावश्यक वस्तू अधिनियमातील पटलावर ठेवण्याची तरतूद निदेशात्मक, म्हणजे न पाळल्याने आदेश अवैध न ठरवणारी, मानली होती.

त्यामुळे खरी लढाई मसुद्याच्या टप्प्यावर आहे, आणि नेमका तोच टप्पा आपल्याकडे हातचा जातो. मूळ अधिनियमात पूर्वप्रसिद्धीची अट असेल तर मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. नंतर अंतिम नियम राजपत्रात आले की, सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ प्रमाणे, ते रीतसर झाल्याचा तो निर्णायक पुरावा ठरतो. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ रोजी काढला तेव्हा हरकतींना ६० दिवस होते. साताऱ्याच्या डोंगराळ तालुक्यांतील ग्रामसभांनी अशा वेळी ठराव करून तो केवळ तहसीलदारांकडे देणे पुरेसे नाही. अधिसूचनेत दिलेल्या पत्त्यावरच, मुदतीत, सर्व्हे नंबरनिहाय हरकत जायला हवी. 'आमचा विरोध आहे' एवढेच लिहिलेल्या पत्राचे वजन फारसे पडत नाही, याची मला खंत वाटते, कारण ते लिहिणाऱ्यांचे म्हणणे बहुतांशी खरे असते.

मुदत हुकली असल्यास विधिमंडळाची उपविधान समिती किंवा लोकसभेची तत्सम समिती उरते. तिच्याकडे धोरण चुकीचे असल्याची तक्रार करू नये. नियम मूळ अधिनियमाच्या मर्यादेबाहेर गेला आहे का, अधिकार नसताना कर लादला आहे का, पूर्वलक्षी (मागच्या तारखेपासूनचा) परिणाम दिला आहे का, राजपत्रात यायला किंवा पटलावर ठेवायला अवाजवी विलंब झाला आहे का, हे ती तपासते. तेव्हा अर्जात नियमाचा क्रमांक, राजपत्राची तारीख आणि ओलांडलेले कलम ही तिन्ही लिहावीत व राजपत्राची प्रत सोबत जोडावी.