लॅपटॉप चोरीला गेला तर आधी काय कराल?

पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालात, मनमाडनंतर डोळा लागला आणि चाळीसगावला जाग आली तर बॅग गायब. अशा वेळी डबाभर धावत सुटू नका. मोबाइल काढा. लॅपटॉप परत मिळणं नशिबाचा भाग आहे, त्यातली माहिती वाचवणं मात्र अजून तुमच्या हातात आहे.

सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी खात्यांचे पासवर्ड त्याच मेलवरून बदलता येतात. गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात जाऊन त्या लॅपटॉपमधून साइन आउट करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक केलेली डिव्हाइस’ यादीतूनही तो काढा. हे बरेच जण विसरतात. क्रोममध्ये बँकेचा पासवर्ड सेव्ह केला असेल तर तोही लगेच बदला. खात्यातून पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला क्षणभरही थांबू नका.

मग शोध. विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ‘फाइंड माय डिव्हाइस’ बघा. ते आधीपासून चालू असेल तरच उपयोग, आणि लॉकचा आदेश लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेल्यावरच पोहोचतो. मॅकबुक ‘फाइंड माय’मधून लॉक करता येतं, अगदीच आशा सुटली तर पुसूनही टाकता येतं. नकाशावर ठिकाण दिसलं तर स्क्रीनशॉट पोलिसांना द्या. चार मित्र घेऊन स्वतः तिथे जाण्याचं धाडस नको.

तक्रारीसाठी गाडीतून उतरावं लागत नाही. टीसीकडे किंवा गाडीतल्या पोलिसांकडे एफआयआरचा फॉर्म मिळतो, १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनवरही कळवता येतं. गावात चोरी झाली तर जवळचं ठाणं गाठा. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. तक्रारीत लॅपटॉपचा सिरीयल नंबर द्या; तो खोक्यावर असतो, बऱ्याचदा बिलावरही. बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडून दुसरी प्रत घ्या. माल सापडल्यावर तो बहुधा कोर्टातून सुपूर्तनाम्यावर (वस्तू मागाल तेव्हा हजर करू, अशा लेखी हमीवर) सोडवावा लागतो आणि तिथे मालकी दाखवायला बिलच लागतं. ‘जाऊ दे ना भो’ म्हणून ते फेकणारे आपल्याकडे कमी नाहीत.

ज्यांचा लॅपटॉप अजून जागेवर आहे, त्यांनी आजच एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी सोय, चालू करावं: विंडोजवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, मॅकवर फाइलव्हॉल्ट. नुसता लॉगिन पासवर्ड पुरेसा नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली सरळ वाचता येतात. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की (अडलं तर डिस्क उघडायचा आकडा) कागदावर लिहून घरी ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. बॅकअपची हार्ड डिस्कही त्या बॅगेत ठेवू नका.