बुकिंग रद्द करताना ‘वैयक्तिक कारण’ लिहू नका

ठरलेली तारीख उलटली तरी गाडी नाही, किंवा ऐनवेळी ॲक्सेसरीजचे २५ हजार वर मागितले. वैतागून आपण बुकिंग रद्द करायला जातो आणि समोर सरकवलेल्या छापील अर्जावर ‘वैयक्तिक कारण’ लिहून सही ठोकतो. करार डीलरने मोडला, पण कागदावर माघार आपली दिसते!

त्याऐवजी असं करा:

१. कारण स्वतःच्या शब्दांत लिहा: ‘बुकिंग फॉर्मवरील अमुक तारखेला गाडी दिली नाही, म्हणून रद्द, पूर्ण रक्कम परत करावी.’ प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तोच मजकूर ईमेलने पाठवा, गाडीच्या कंपनीलाही प्रत जोडा.

२. पंधरा दिवसांची लेखी मुदत द्या. सेल्समनची तोंडी आश्वासनं त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर ‘तुम्ही असं म्हणालात’ म्हणून टाकून ठेवा.

३. हालचाल नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

४. नाहीच, तर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात दावा करा. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता तिथे दावा चालतो. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकीलही सक्तीचा नाही.

बुकिंग फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं मात्र आधी वाचा. ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असं तिथे असेल तर नुसत्या दरवाढीवर भांडण अवघड. उशिरावर बोट ठेवा. दावा दाखल करायची मुदत २ वर्षं.