कोकण किनाऱ्यावर मोटारसायकलने फिरताना तंबूतली पहिली रात्र कशी काढावी

मोटारसायकलवरून कोकण किनाऱ्याच्या लांब प्रवासाला निघालेल्या आणि पहिल्यांदाच तंबूत राहणाऱ्या माणसाला जे सल्ले मिळतात, ते बहुतेक सामानाविषयी असतात. सामान दुकानात मिळते आणि ते गाडीवर बांधायला दोन दिवसांत जमते. रात्र बिघडते ती वाळूवरची जागा चुकल्यामुळे, आणि त्याबद्दल ‘पाण्यापासून लांब राहा’ यापलीकडे कोणी काही सांगत नाही. किती लांब, हे कळल्याशिवाय त्या सल्ल्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

तयारी थोडक्यात अशी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, जड सामान खाली आणि पुढे बांधावे, तंबू घरच्या अंगणात एकदा उभारून पाहावा, आणि नेहमीच्या सामानात सहा ते आठ जाड कापडी पिशव्या घालाव्यात. त्या कशासाठी, ते पुढे येईल.

दिवसाचा पल्ला शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर ठेवू नये. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग नकाशावर सरळ दिसतो, पण आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या तर प्रत्येक ठिकाणी वेळ मोडतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेचारला गाडी थांबलीच पाहिजे, कारण पुढचे सगळे काम उजेडात करायचे आहे.

थांबल्यावर आधी परवानगी घ्यावी. किनाऱ्यालगतची वाडी कोणाची तरी असते, सुरूची बने बऱ्याच ठिकाणी वन विभागाची असतात, आणि मोकळी दिसणारी पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, गावाच्या वहिवाटीतली असते. सर्वांत जवळच्या घरी जावे, हेल्मेट काढून ‘काका, आजची रात्र इथे तंबू टाकला तर चालेल का?’ असे सरळ विचारावे, आणि ते पोलीस पाटलांकडे किंवा ग्रामपंचायतीत जायला सांगतील तर तिकडे जावे. विहिरीचे पाणी आणि स्वच्छतागृह वापरायला मिळाले तर त्याचे पैसे आपणहून द्यावेत. वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्चच्या काळात ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालायला येतात आणि उजेड व माणसांची हालचाल यांनी बुजून परत फिरतात. तिथे पुळणीवर तंबू टाकूच नये, गावात खोली घ्यावी. याबाबत मी कोणाशी वाद घालत नाही.

आता भरतीचा हिशेब. माझी पहिली रात्र इथेच फसली. मालवणच्या उत्तरेला एका पुळणीवर मी साडेपाचला पोहोचलो. दिवस पौर्णिमेचा होता. समोर दीडशे पावले रुंद, सपाट, घट्ट वाळू पसरलेली होती आणि समुद्र पार खाली गेलेला होता. वरची भुसभुशीत वाळू सोडून मी त्या घट्ट वाळूवर तंबू ठोकला आणि मोटारसायकलही शेजारी आणून लावली. जाळे विणत बसलेले एक आजोबा म्हणाले, ‘झिला, ही जागा दर्याची आसा.’ पाणी इतके लांब दिसत होते की मी नुसती मान हलवली. रात्री साडेदहाला तंबूच्या जमिनीखालून गार ओल जाणवली, आणि बाहेर येईपर्यंत मागचे चाक निम्मे वाळूत गेले होते. त्याच आजोबांनी आणि त्यांच्या मुलाने दोर लावून गाडी ओढून वर घेतली. ते आले नसते तर ती गाडी मला परत मिळाली नसती.

त्या रात्रीचे कारण साधे आहे, आणि ते निघण्यापूर्वी प्रत्येकाने समजून घ्यावे. दिवसात दोन भरत्या येतात, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडचे मच्छीमार ती तिथीवरून काढतात: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की बारानंतर किती तासांनी भरती पूर्ण होणार ते कळते. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारला एक भरती आणि दुसरी पहाटे चारनंतर. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून तसेच मोजावे. हा हिशेब मुंबई-अलिबागकडचा आहे; रत्नागिरी-मालवणकडे भरती साधारण तासभर आधी येते.

यावरून जे निघते ते कोणी सांगत नाही. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती मध्यरात्रीच्या सुमारास असते, आणि ती उधाणाची, म्हणजे सर्वांत उंच. त्याच दिवशी ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास असते, आणि तीही सर्वांत खोल. म्हणजे प्रवासी थकून किनाऱ्यावर येतो नेमका त्या वेळी पुळण सर्वांत रुंद आणि सर्वांत निर्धोक दिसते, आणि तो झोपल्यावर पाणी वर येते. अष्टमीच्या आसपास उलट असते: संध्याकाळी भरती आणि मध्यरात्री ओहोटी, शिवाय ती भरती भांगाची, म्हणजे सर्वांत कमी उंचीची असल्यामुळे पाणी फार चढत नाही. पहिल्यांदा राहणाऱ्याने अष्टमीच्या आगेमागेच दिवस धरावा. संध्याकाळी दिसलेले पाणी आणि आपला तंबू यांच्यात तरीही भरपूर अंतर ठेवावे, कारण दोन भरत्यांची उंची सारखी नसते.

जागा मात्र नुसत्या हिशेबावर ठरवू नये. मर्यादवेल शोधावी. वाळूवर लांब पसरणारी, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची आणि जांभळ्या फुलांची ही वेल सहसा भरतीच्या रेषेच्या वरच वाढते. तंबू वेलीच्या वर, जमिनीच्या बाजूला असावा, आणि वेल तुडवू नये, कारण वाळू तीच धरून ठेवते. वेल नसेल तर काटक्या, शिंपले आणि प्लास्टिक यांची जी सर्वांत वरची ओळ दिसते तिच्यापासून आणखी वीस पावले वर जावे. घट्ट वाळू घट्ट असते ती समुद्राने भिजवल्यामुळे. वर सरकताना नारळाखाली जाऊ नये. नारळ पडतोच, पण वाळलेली झावळीही तंबू फाडते.

वेलीच्या वरची वाळू भुसभुशीत असते आणि तंबूसोबत आलेल्या लोखंडी खुंट्या तिच्यात टिकत नाहीत. खुंट्या तिरप्या ठोकाव्यात, वर दगड ठेवावा, हे सल्ले मी सगळे करून पाहिले आहेत आणि ते सगळे वाया गेले आहेत. यासाठीच त्या कापडी पिशव्या. पिशवीत वाळू भरून तोंड बांधावे आणि तंबूची दोरी पिशवीच्या कमरेला गाठावी. दीड वीत खोल खड्डा काढावा, म्हणजे खालची दमट वाळू लागते. पिशवी त्यात आडवी ठेवावी. आता महत्त्वाचे: खड्ड्याच्या तंबूकडच्या भिंतीत हाताच्या कडेने एक अरुंद चीर पाडून दोरी त्या चिरेतून तिरपी बाहेर काढावी. दोरी सरळ वर आली तर ती ओढताना पिशवी वर उचलली जाते. चिरेतून तिरपी आली तर ओढ समोरच्या घट्ट वाळूवर पडते आणि पिशवी जागची हलत नाही. मग खड्डा बुजवून पायाने चेपावा आणि दोरी दोन्ही हातांनी धरून अंगाचा सगळा भार मागे टाकावा. सरकली तर पुन्हा खणावे. आठ दोऱ्यांना पाऊण तास लागतो, आणि तो द्यावाच लागतो.

दोऱ्या दोन्ही बाजूंच्या बांधाव्यात. दिवसा खारे वारे समुद्रावरून येतात, म्हणून जमिनीकडच्या दोऱ्या संध्याकाळी बिनकामाच्या वाटतात. उत्तररात्री मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे सुटतात आणि तंबू उलट बाजूला ओढला जातो. दार समुद्राच्या नेमके समोर ठेवू नये. ते जरासे बाजूला वळवावे.

मोटारसायकल पुळणीवर आणू नये. ती कडक जमिनीवर, घरमालकाच्या नजरेसमोर लावावी आणि साइड स्टँडखाली लाकडाची सपाट फळी द्यावी. त्यासाठी अंधारात जांभ्याचे दगड हाताने उचलू नयेत; कोकणात फुरसे हा विषारी साप भरपूर आहे आणि दगडाखाली बसणे ही त्याची सवय आहे. रात्री बूट तंबूत घ्यावेत, सकाळी झटकून घालावेत, आणि बाहेर पडताना टॉर्च पायाजवळ धरावा. सुरूच्या बनात शेकोटी पेटवू नये, तिथली वाळलेली सुयांसारखी पाने क्षणात पेट घेतात. दव पडते म्हणून तंबू गच्च बंद करू नये, वरची झडप उघडी ठेवावी. नाहीतर श्वासाची वाफ आतून ठिबकते.

सकाळी बाहेरचे कापड उन्हात वाळवावे, पिशव्या उकरून वाळू तिथेच रिकामी करावी आणि खड्डे बुजवावेत. निघण्यापूर्वी विहिरीच्या गोड्या पाण्याने चेन, स्पोक आणि ब्रेकचे भाग धुवावेत. चेन सुकली की तिला तेल द्यावे, आणि मगच गाडी सुरू करावी.